चौथ्या गाठीचा आकडा

९ ऑक्टोबर

भिंगरी,

फोन तू उचलत नाहीस. सतरा वेळा करून पाहिला, अठराव्या वेळी माझीच मला लाज वाटली. म्हणून हे पत्र. बंद पाकीट समोर पडलेलं तुला दोन दिवसांच्या वर बघवत नाही, हे मला ठाऊक आहे.

बाबा बरे आहेत. म्हणजे जेवतात, गोळ्या घेतात, आणि मी काही विचारलं की आधी ऐकू न आल्यासारखं करतात. गुडघा तसाच. तुझी आठवण काढतात का, असं विचारणार असशील तर काढतात, पण कशी ते तुला आवडणार नाही.

तराफे रिकामे आहेत. टोपल्या धुऊन शेडच्या भिंतीला उभ्या लावल्या. दहा कालवांतली आठ शिंपल्यातच मेली, उरलेल्यांना हात लावायला कोणी तयार नाही. वास आता गेलाय, पण पहिले तीन आठवडे तो केसांत बसला होता. दोनदा डोकं धुतलं तरी शेजारीण माझ्याशी बोलताना एक पाऊल मागे सरायची. तिच्याही अंगाला तोच वास होता, ती गोष्ट वेगळी. खाडीत कालवं पाळणाऱ्या अकराही घरांची एकच गत.

तुझ्या संस्थेच्या चौकशी समितीचं पत्र आलं. सुनावणी २२ नोव्हेंबरला. पाणी चोवीस अंशांच्या खाली असेल तर कालवं बाहेर काढायला, निवडायला हरकत नाही, त्याच्या वर गेलं तर हात लावायचा नाही, हा तुझा नियम. कालवं उत्पादकांच्या संघाकडे रोज गेलेले आकडे समितीनं मिळवलेत. त्यात शेड चालली तो एकही दिवस चोवीसच्या वर नाही, तरी कालवं मेली. म्हणजे नियमच चुकला, आणि तसं ठरलं तर तुझं काम जाणार. इतकं सरळ त्यांनी लिहिलेलं नाही, पण मला वाचता येतं. त्यांना मूळ वही हवीय, मी रोज सकाळी तापमान लिहायचे ती.

मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, आधी नाही वाटलं. आधी वाटलं, बरं झालं, एकदा तरी हिचं काही चुकलं. बाबा संघाच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, “माझ्याच पोरीच्या शहाणपणानं ही खाडी मारली.” तुझ्यापर्यंत ते कोणीतरी पोचवलंच असेल. मी शेजारच्या खुर्चीवर होते.

समितीला मी कळवलंय की शेडमध्ये पाणी शिरलं तेव्हा वही भिजून तिचा लगदा झाला. तुला वेगळं काही विचारलं तर तूही तेच सांग.

ताई

२३ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर. “ताई, ती वही भिजत नाही. म्हणूनच ती दिली होती.” बस्स. खाली नाव नाही, वर तारीख नाही, बाबा कसे आहेत याची चौकशी नाही.

वाचून आधी हसू आलं. खरंच की, तो कागद पाण्यात बुडवला तरी त्याला काही होत नाही, हे तूच मला मोरीत बादली भरून दाखवलं होतंस. पोतंभर थापा मारता आल्या असत्या, त्यातली नेमकी हीच मी निवडली. मग हसू गेलं आणि तुझा संताप आला. तिकडे बसून एका ओळीत मला खोटारडी ठरवायला तुला किती वेळ लागला? इथं तुझ्यामुळे रोज कोणाकोणाच्या शिव्या खाव्या लागतात ते माहीत आहे?

तू आलीस तेव्हाचा दिवस मला पुरता आठवतो. सूक्ष्मदर्शक घेऊन आलीस आणि स्वयंपाकघरातलं टेबल अडवलंस. मी चहाची भांडी कुठं ठेवू हे विचारत होते, तुझं लक्ष नव्हतं. तीन भांड्यांत तीन पाणी घेतलंस, एक गार, एक कोमट, एक चांगलं ऊन. सकाळपासून तिन्हींत कालवं ठेवली होतीस. सुईनं त्यांचं रक्त काढलंस, रक्त कसलं, पाण्यासारखंच ते, आणि बाबांना म्हणालीस, “बघा.” बाबांनी डोळा लावला. मग संघाचे अध्यक्ष वाकले, मग शेडमधल्या थोरल्या मावशी. सगळ्यांचं झाल्यावर कोणाला तरी माझी आठवण झाली.

गारमधल्या पेशी सुस्त पडल्या होत्या. कोमटमधल्या इकडून तिकडे सरकत होत्या. ऊन पाण्यातल्या एकमेकींना चिकटून गोळा झाल्या होत्या, हलत नव्हत्या. तू सांगत होतीस, “कालवाला आपल्यासारखं आधीच्या आजाराची ओळख ठेवता येत नाही. त्याच्याकडे फक्त ह्या पेशी. फिरतात, जंतू दिसला की गिळतात. पाणी तापलं की आधी जास्त पळतात, मग दमून बसतात, आणि नेमकं तेव्हाच जंतूंचं फावतं. त्यात आपण टोपली बाहेर काढतो, आपटतो, निवडतो, कालवाची कड फुटते. मग ते मरणारच.”

बाबा म्हणाले, “म्हणजे तुझ्या ताईसारखंच की. उन्हाळ्यात हिचंही डोकं आधी पळतं, मग बसतं.” सगळे हसले. तूही हसलीस. मीही हसले, न हसून काय करणार.

त्या दिवशी बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्यासाठी कधी बघितलेलं नाही. आठ वर्षं झाली मला ह्या घरात परत येऊन. नवऱ्याचं घर सुटलं तेव्हा बाबा म्हणाले होते, “आलीस? बरं, शेडमध्ये माणूस कमीच आहे.” आठ वर्षं तराफा, शेड, त्यांचा गुडघा, त्यांच्या गोळ्या. आणि तू दोन दिवसांसाठी येतेस, तीन भांडी मांडतेस, आणि बाबा अध्यक्षांना म्हणतात, “आमची धाकटी. सगळी हुशारी हिच्यातच उतरली.” मी तिथंच उभी होते. हातात किटली होती.

मग तू मला दोरी दिलीस. चार गाठींची, टोकाला तापमापक. एकेक मीटरवर एकेक गाठ. वहीत चार रकाने आखून दिलेस. रोज सकाळी सात वाजता चारही गाठींचं पाणी बघून लिहायचं, आणि संघाला फोन करून दुसऱ्या गाठीचा आकडा तेवढा सांगायचा, कारण टोपल्या तिथंच लटकतात. खाडीत मोजणारी मी एकटी. माझ्या आकड्यावर अकरा घरं ठरवणार, आज शेड चालवायची की नाही. तू माझा खांदा दाबून म्हणालीस, “ताई, तुझ्यावरच आहे सगळं.” मला ते आवडलं होतं. आता सांगते.

वही माझ्या कपाटात आहे. साड्यांच्या खाली. कोरडी ठणठणीत.

ताई

४ नोव्हेंबर

भिंगरी,

ह्या वेळी एक ओळसुद्धा नाही. ठीक आहे. तू बोलत नाहीस म्हणून मलाच बोलावं लागतंय, ही तुझी लहानपणापासूनची युक्ती. आई गेल्यावरही तू अशीच गप्प बसायचीस आणि मी बडबडून सगळं कबूल करायचे, न केलेलं पण.

हे मात्र केलेलं आहे.

उन्हाळ्यात वारा पडला ते दिवस. खाडी इतकी निपचित होती की तराफ्यावर पाय ठेवला तरी पाणी हलत नव्हतं. वरचं पाणी तापत गेलं. पंचवीस, सव्वीस, सव्वीस पूर्णांक चार. मी इमानदारीनं सांगत होते. सलग नऊ दिवस शेड बंद. निवड राहिली, टोपल्यांत कालवं एकमेकांत रुतायला लागली, ती मागाहून सुटी करताना फुटणार हे सगळ्यांना दिसत होतं. रोज सव्वासातला फोन ठेवला की धक्क्यावर माझ्याभोवती घोळका. “काय गं, आज तरी?” थोरल्या मावशी म्हणाल्या, “तुझ्या बहिणीला म्हणावं, तिकडे गार खोलीत बसून नियम काढायला काय जातंय.” अध्यक्ष म्हणाले, “तुमचा तापमापकच तापलाय बहुतेक.” बाबा जेवताना ताट सरकवून उठत होते.

दहाव्या दिवशी मी घाईत होते. बाबांचा गुडघा रात्रभर ठणकला होता, झोप झाली नव्हती. वही मांडीवर धरून संघाला फोन लावला आणि चौथ्या रकान्यातला आकडा वाचला. तेवीस पूर्णांक दोन. तळाचं पाणी गार असतं, वारा नसला की जास्तच, हे तुला मी काय सांगू. फोनवरचा कारकून ओरडलाच, “तेवीस? खरंच?” आणि मला चूक कळली. त्याच क्षणी कळली, भिंगरी. माझं बोट चौथ्या रकान्यावर होतं, मी बघत होते. “थांबा, चुकलं,” एवढंच म्हणायचं होतं.

पण धक्क्यावर तोवर आरडाओरड सुरू झाली होती. कोणीतरी शेडचं दार उघडलं. थोरल्या मावशींनी येऊन माझ्या गालावरून हात फिरवला. आठ वर्षांत मला बघून कोणाला आनंद झाला नव्हता. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज खरं सांगते. दुसरी गाठ सव्वीस पूर्णांक नऊ. एका रात्रीत पावणेचार अंश कसे चढले, असं विचारलं असतं तर काय सांगणार होते? पुन्हा चौथा रकाना वाचला. असे एकूण अकरा दिवस. वहीत मात्र चारही आकडे बरोबर लिहीत गेले. फोनवर खोटं बोलायला तोंड तयार झालं, कागदावर हात धजला नाही. आणि अजून एक सांगते, आता लपवून काय उपयोग. मनात कुठेतरी असं होतं की बघू, हिच्या नियमाशिवाय काय होतं. काही होणार नाही. शेड चालेल, कालवं जगतील, आणि मग मी बाबांना हळूच सांगेन की हिच्या चोवीसला काही अर्थ नव्हता.

शेड उघडल्यापासून बाराव्या दिवशी पहिली टोपली उघडी पडली. कालवं आ वासून. बोटानं दाबलं तरी मिटेनात.

तुझा नियम बरोबर होता. तंतोतंत बरोबर. अकरा घरांनी सव्वीस-सत्तावीसच्या पाण्यातून कालवं काढली, आपटली, निवडली, परत त्याच पाण्यात सोडली, आणि जे होईल म्हणाली होतीस ते तसंच झालं. तुला एवढा मोठा पुरावा शोधून सापडला नसता.

आता माझं ऐक. तापमापक बिघडला होता असं समितीला सांगू. तू म्हण, यंत्रात दोष निघाला, मी म्हणते, मला काय कळतं यंत्रातलं. दोघीही सुटू. माझ्याविषयी लोकांना तसंच वाटतं, कोणाला नवल वाटायचं नाही. खरं बाहेर आलं तर ही माणसं मला उभी जाळतील, आणि मला दुसरीकडे कुठं जायला जागा नाही. तुला आहे. तू तिथं दुसरं काही बघशील. नाही का?

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

ताई

१३ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझं उत्तर आलं. “तापमापक बिघडला नव्हता. मी असं म्हणणार नाही. वहीचं तू ठरव.” ह्या वेळी तीन वाक्यं आहेत, प्रगती आहे.

दोन दिवस मी तुझ्यावर चरफडत होते. तू मला आज्ञा केली असतीस, धमकी दिली असतीस, तर बरं झालं असतं. मला भांडून तुला नाही म्हणता आलं असतं. “तू ठरव” म्हटल्यावर माणसानं काय करायचं?

काल दुपारी मी बाबांना सांगायचं ठरवलं. त्यांना सांगितल्याशिवाय वही घराबाहेर काढणं मला बरं वाटेना. आणि खरं कारण असं की त्यांनी तुझ्यावर जो राग धरलाय तो माझ्या वाट्याचा आहे, तो मला एकदाचा घ्यायचा होता. ते खिडकीशी बसले होते. मी त्यांच्या गुडघ्याला तेल लावत होते, मान खाली होती म्हणून बोलता आलं. रकाना सांगितला, फोन सांगितला, अकरा दिवस सांगितले. म्हटलं, “बाबा, धाकटीचं काही चुकलं नव्हतं. खाडी मी मारली.”

बाबा म्हणाले, “तेल जरा वर लाव.”

मला वाटलं ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर म्हणाले, “ऐकलं. मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“पाणी तेवीस नव्हतं ते. रोज सकाळी धक्क्याच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडत होतो ना मी? चाळीस वर्षं ह्या पाण्यात गेली माझी. तेवीस आणि सत्तावीस मला पायाला कळत नाही होय?”

भिंगरी, माझे हात तिथंच थांबले. मी विचारलं, “मग मला अडवलं का नाहीत?”

“शेड सुरू झाली होती. म्हटलं, निभेल.”

“आणि बैठकीत? तिचं नाव का घेतलंत? तिचं काम जातंय, बाबा.”

ते माझ्याकडे बघत होते. नेहमी बघतात तसे पलीकडे नाही, माझ्याकडे. अगदी शांतपणे म्हणाले, “ती लांब आहे. चार दिवस रडेल, मग दुसरं काही बघेल, हुशार आहे ती. तुझं नाव घेतलं असतं तर तुला इथून जावं लागलं असतं. मग माझं कोण करणार?”

आठ वर्षं मी वाट बघत होते की बाबा कधीतरी तुझ्याऐवजी मला निवडतील. निवडलं. दोन वेळच्या जेवणासाठी आणि ह्या गुडघ्यासाठी. मला राग येतोय, अजूनही. आणि लाज ह्याची वाटते की त्यांनी ते म्हटलं तेव्हा एक क्षण, एकच क्षण, मला बरं वाटलं होतं.

मी हात पुसून उठले. ते म्हणाले, “कुठं चाललीस?” मी म्हटलं, “पोस्टात.” त्यांना समजलं. म्हणाले, “वेडेपणा करू नकोस. तिला मी सांगतो काय ते.”

वही आज सकाळी रजिस्टर पोस्टानं तुझ्या नावावर पाठवली. सोबत माझ्या सहीचा कागद आहे, कोणत्या दिवशी कोणता रकाना वाचला ते सगळं लिहिलंय. सुनावणीच्या चार दिवस आधी पोचेल असं खिडकीवरचा माणूस म्हणाला. सरळ समितीलाच पाठवायला हवी होती. तेवढी छाती झाली नाही. तुझ्या हातानं माझं नाव पुढं ठेवायला लावतेय, हे मला कळतंय. मोठी बहीण म्हणून मिरवणारीनं हे करू नये, पण मी केलं. अध्यक्षांकडे मात्र मीच जाणार आहे, उद्या. थोरल्या मावशींकडेही. त्यांनी तुडवलं तर तुडवलं.

आता नीट ऐक. बाबा तुला फोन करतील. अध्यक्षांकडून त्यांनी तुझा कामावरचा नंबर आज मागवून घेतला. वही दाखवू नकोस म्हणतील. ओरडणार नाहीत. तुझी सगळी हुशारी काढतील, लहानपणीचं काहीबाही आठवतील, आईचं नाव घेतील, आणि मग म्हणतील, ताईचा विचार कर. माझ्यासाठी म्हणून मागतील, पण ते माझ्यासाठी नसेल. तू आजवर त्यांना कधी नाही म्हटलेलं नाहीस.

मला त्यांचं न ऐकता जाणं जमलं, कारण माझ्याशी ते कधी गोड बोललेच नाहीत. तुझ्याशी बोलतील. तुला अवघड जाईल.

ताई